पाताळासाठी फुकट फरशी

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा कंबर सांभाळून वाकून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं, आणि दाजींनी पुन्हा व्हायोलिन शिकायला घेतलंय हे वाचून तुझ्याबद्दल वाईट वाटलं. आम्ही इकडे खुशाल आहोत. हा शब्द मी आजवर सवयीने लिहीत आलो, आज मात्र तो लिहिताना पेन दोनदा उचललं. हे पत्र मी उभ्यानेच लिहितोय, कारण बसलो की उठावंसं वाटतं, आणि उठून दोन पावलं टाकली की आतून हातोड्याचा आवाज येतो आणि मी परत टेबलाशी येतो. तो आवाज कसला, हे सांगण्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलंय. पण ते एकदम सांगितलं तर तू मधेच पत्राची घडी घालून मला फोन करशील आणि फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तू विचारलंयस की तुझं ते राक्षसांचं खूळ अजून चालू आहे का. चालू आहे. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. मी सूत्रधार, म्हणजे पाताळ कसं दिसतं आणि कुठल्या दाराआड काय दबा धरून बसलंय हे मी सांगायचं. बाकीचे तिघे गोष्टीतली पात्रं होतात. दातांची डॉक्टरीण मांत्रिक होते, कोपऱ्यावरचा शिंपी योद्धा होतो आणि आमचा ट्रॅफिक पोलीस चोर होतो (आणि काय मन लावून होतो). कोणी काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. (मग खेळता कशाला, असं दाजी विचारतील. त्यांना व्हायोलिनबद्दल तेच विचार.) आता माझी नोकरी तुला माहीत आहे. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की मला फोन येतो आणि मी सांगतो, घाबरू नका, माणूस निघालाय, पाच मिनिटांत पोचतोय. माणूस त्या वेळी बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला डबा खात असतो. आठवडाभर मला असं खोटं बोलावं लागतं की समोरच्याला ते खरं वाटलंच पाहिजे. शनिवारी मात्र मी खोटं बोलतोय हे चौघांनाही ठाऊक असतं आणि तरी सगळे कान देऊन ऐकतात. ताई, तेवढी एकच संध्याकाळ मला एका खुर्चीत स्वस्थ बसता येतं.

तर झालं असं की आमच्या घरात खर्चबंदी आहे. आमच्या बाथरूमची फरशी कशी डुगडुगते ते तू मागच्या खेपेला अंगठा ठेचून घेऊन पाहिलंच आहेस. त्याच फरशीवर तुझी भावजय गेल्या वर्षी घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून बसली. तेव्हापासून नवीन बाथरूमसाठी पैसे बाजूला टाकणं चाललंय आणि खेळावर एक कवडीही खर्च करायची नाही असं ठरलंय. मी ते हसत कबूल केलं. कारण बऱ्याच खेळांचे साधे नियम ते करणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी फुकट ठेवलेले असतात, उतरवून घेतले की झालं, आणि बाकी सामान काय, डोकं असलं की सुचतंच. पण गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसता पुसता सहज म्हणून सांगितलं की पुलापलीकडे दुसरं एक टोळकं खेळतं, त्यांच्याकडे रंगवलेल्या मूर्ती आहेत, तयार किल्ला आहे आणि त्या किल्ल्याला उचलता येणारा पूल आहे. ती गेली तर शिंपी जाणार, कारण त्याची कवळी तिच्याकडे अर्धवट पडलीय. मग उरलो मी आणि पोलीस. दोघांनी खेळलं तर त्याला खेळ नाही, जबानी म्हणतात. तेव्हा मी ताबडतोब जाहीर करून टाकलं की महिनाभराने एका शनिवारी शेवटची लढाई, आठ खोल्यांचं पाताळ, आणि फरशी अस्सल दगडी.

बोलून तर बसलो, मग जमवाजमव सुरू झाली. आमचे फासे कधीच हरवलेत. फोनवर फुकटचा फासा मिळतो, पण पोलिसाचा त्याच्यावर विश्वास नाही, जे हातात धरता येत नाही ते तो पुरावा मानत नाही. म्हणून मी पुठ्ठ्याचा वीस बाजूंचा फासा केला. ज्या बाजूला डिंक जास्त लागला ती बाजू कायम खाली बसायची आणि वर वीसच यायचा. शिंप्याने त्या एका संध्याकाळी दोन राक्षस आणि एक पर्वत मारला. शेवटी डब्यात चिठ्ठ्या घालून काढायचं ठरलं. पात्रांसाठी आमच्या कंपनीच्या भांडारातून मोडीत निघालेल्या लिफ्टची बटणं मागून आणली. योद्धा चौथा मजला आहे, मांत्रिक सातवा, आणि महाराक्षस म्हणजे धोक्याचं लाल बटण, ते बरोबर जमलंय. गुहेच्या तोंडासाठी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या दवाखान्यातला टाकाऊ प्लास्टरचा जबडा आणून दिला. तो टेबलावर मांडला तर पोलीस बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, हा माझा आहे. निघालाही त्याचाच. तेव्हापासून त्याचा चोर त्या गुहेत शिरायला तयार नाही, म्हणतो स्वतःच्याच तोंडात कसं जायचं, आणि यावर आमच्या नियमांत उत्तर नाही.

राहिली फरशी. टाइल्सच्या दुकानांत नमुन्याचे छोटे चौकोनी तुकडे ठेवलेले असतात, आणि घरी नेऊन बघतो म्हटलं की ते देतात. पहिल्या दुकानातून दोन तुकडे आणले. दुसऱ्यातून तीन आणले, पण तिथल्या बाईंनी मला असं काही पाहिलं की परत त्या रस्त्याने जायची सोय राहिली नाही. तिसरं दुकान मोठं, मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आला, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, काम कुठलं आहे. मी म्हटलं, बाथरूमचं. इथवर ठीक होतं. पण पुढे त्याने विचारलं की किती खोल्या, आणि माझ्या डोक्यात ताई, पंधरा दिवस दुसरं काही नव्हतंच, तोंडातून गेलं आठ. खिडक्या? एकही नाही. उजेडाचं काय? मशाली. पायऱ्या आहेत का? आहेत, सगळ्या खाली जातात. मधल्या मोठ्या खोलीत साधारण किती माणसांचा वावर असतो, यावर मी म्हणालो की चार जण आत जातात, परत किती येतील ते सांगता येत नाही. मालकाने समजल्यासारखी मान डोलावली. हॉटेलवाल्यांची पुष्कळ कामं केलीत म्हणे, हल्ली लोकांना असंच काहीतरी लागतं. मग तो एकेक तुकडा काढत गेला आणि मी पसंत करत गेलो. फक्त राणीच्या न्हाणीघरासाठी (आमच्या पाताळात राणी कैदेत आहे, पण तिची सोय चांगली ठेवलीय) त्याने काळीभोर, चकचकीत फरशी काढली, ती मी परत केली. म्हटलं, बाकी खोल्यांना काहीही चालेल, इथे खडबडीतच हवी, राणी एकदा पडलीय. खेळात तसा नियमच करून टाकलाय, त्या खोलीत चिठ्ठी काढायची नाही, तिथे कोणी घसरत नाही. मालकाने तेही लक्षात ठेवलं आणि माझा पत्ता विचारला. जन्मभर फोनवर थापा मारून नेमका तिथे मी खरा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर फोनवरून एका आजोबांना धीर देत होतो (ते लिफ्टमध्ये नव्हतेच, लिफ्टच्या बाहेर उभे होते, पण त्यांना एकटं वाटत होतं), आणि इकडे तो मालक मोजमापाची फीत घेऊन आमच्या दारात हजर. संध्याकाळी घरी आलो तर बायको गुणगुणत होती. टेबलावर टाइल्स मांडलेल्या. मला म्हणाली, तुम्ही इतकं सगळं बघून आलात आणि मला बोलला नाहीत. ताई, त्या वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं सुद्धा. पण तिने मनगटावर हात फिरवला, ते अजून पावसाळी हवेत दुखतं तिचं, आणि म्हणाली की मला वाटायचं तुम्हाला आठवतसुद्धा नसेल. यावर मी काय बोलणार होतो? की मला आठवत होतं, पण राक्षसांसाठी? दुसऱ्या दिवशी सकाळी सांगू म्हटलं तर ती खुशीत चहाचा कप पुढे करायची. संध्याकाळी सांगू म्हटलं तर शेजारीण बसलेली, आणि तिला ही सांगत असायची की ह्यांनी गुपचूप सगळं ठरवलं. मी जिन्यात येरझाऱ्या घालून वाक्यं तयार करतो आणि दार उघडलं की ती पळून जातात. आज सकाळी गवंडी आला. आता आमच्याकडे बाथरूम नाही, बाथरूम होतं ती जागा आहे. मी माझ्या लाडक्या माणसाला फसवून बसलोय असं मला घास गिळताना वाटतं, आणि फसवलं असं म्हणावं तर तिला हवी ती गोष्ट घरात होतेय. मला यातून बाहेर यायचं बटण सापडत नाही. मी स्वतः अडकलोय आणि मला फोन करायला कोणी नाही, म्हणून तुला लिहितोय.

दाजींना नमस्कार आणि तुझ्या गुडघ्याला विश्रांती सांगणे.

तुझा,
धाकटा

ता. क. बाथरूम होईपर्यंत रोज सकाळी आंघोळीला तुमच्याकडे यावं म्हणतो. टॉवेल आमचे आणू. दाजींच्या रियाजाची वेळ तेवढी कळव, ती टाळून येऊ.

ता. क. २. खरं काम हे. ती तुझं ऐकते. तू तिला फोन करून सहज बोलण्याच्या ओघात एवढंच म्हण, की बाथरूमचं त्याच्या मनात कधीपासून होतं, मला उन्हाळ्यातच बोलला होता, तुला सांगू नकोस म्हणाला. तुला खोटं बोलायला लावतोय, पण तुझ्या तोंडून ते खरं वाटेल आणि माझ्या तोंडून आता नमस्कारही खरा वाटत नाही. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितेय. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं ते उघडंच, घरातला सगळा डिंक पाताळाला लागला म्हणे. वाचल्याबद्दल माफी मागत नाही. तो दुकानवाला आला तेव्हा दारातच त्याने विचारलं, राणीसाहेब आपणच का. मी आधी नाही म्हणणार होते. पण तो पुढे म्हणाला की साहेबांनी सात खोल्यांना काहीही चालेल सांगितलंय, फक्त राणीसाहेबांच्या न्हाणीघराला पाय घसरणार नाही अशीच फरशी पाहिजे म्हणून अडून बसले, त्या एकदा पडल्यात. सात खोल्या कुठल्या ते मला तिथल्या तिथे कळलं, त्या आमच्या पलंगाखाली खोक्यात आहेत. मला इतकं हसू आलं, आणि मग दार धरून जरा वेळ उभी राहिले, कारण डोळे भरून आले. मग त्याला म्हटलं, हो, मीच. सात राहू द्या, आठवी करायला घ्या. तेव्हा ताई, तुम्हाला काही खोटं बोलावं लागणार नाही. ह्यांना मात्र एवढ्यात काही कळवू नका, अपराधी वाटायला लागल्यापासून रोज भांडी घासताहेत. शनिवारी तुम्ही दोघं या. लढाई आमच्या फुटक्या बाथरूममध्येच मांडायची असं मी डॉक्टरीणबाईंशी परस्पर ठरवलंय, पुलापलीकडच्यांकडे असलं पाताळ नाही म्हणाल्या, आणि राणी मी होणार आहे. आत्ताच हे तिसऱ्यांदा येऊन विचारून गेले, बाथरूम कधी पुरं होणार. मी म्हटलं, घाबरू नका, माणूस निघालाय, पाच मिनिटांत पोचतोय.