शेकाला पडलेला खाडा

आई, तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं लोक म्हणतात. मी रागावते. भांडी घासताना मध्येच तुझ्याशी भांडायला लागते.

पाच आठवडे, आई. एवढंच तर मागितलं होतं. सोमवार ते शुक्रवार रोज मशीनखाली किरणांचा शेक, आणि दर सोमवारी सलाईनमधून ते ओकाऱ्या आणणारं औषध. आजार ऑपरेशनच्या पुढे गेलाय, औषधानं गाठ हळवी पडते आणि मग शेक तिला जास्त लागू पडतो, म्हणून दोन्ही बरोबरच चाललं पाहिजे, मध्ये खाडा नको, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मी तुला माझ्या घरी, इंदिरानगरला ठेवून घेतलं, ऑफिसात रजा टाकली, रोज रिक्षानं नेलं-आणलं. मशीन नेमकं तिथंच लागावं म्हणून तुझ्या ओटीपोटावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. त्यांना साबण लावायचा नाही, एवढं साधं पथ्य.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी तू म्हणतेस, "दोन दिस मळ्यात जाऊन येते. झेंडू तोडायला आलाय, माणसं नायत." मी बावळट, पाठवते. रविवारी घट बसले आणि तूही घटी बसलीस. सोमवारी धावत मळ्यात आले तर तू घटापुढं चटईवर. नऊ दिवस उपास, जागा सोडायची नाही, आणि पोट दगडानं घासून लख्ख. म्हणे, "असल्या डागाळल्या अंगानं देवीपुढं बसू का?" वर मलाच, "आलीच हायेस तर फुलं तोडू लाग." आता काय बोलायचं या बाईला. मी हात जोडले, रडले, आरडाओरडा केला. तू माळ ओवत राहिलीस.

दसरा झाल्यावर आलीस. पुन्हा रेघा मारल्या, उरलेला शेक दिला. वर्षभरानं गाठ परत आली आणि मग फार दिवस लागले नाहीत. खाडा पडला नसता तर तू वाचली असतीस का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी मात्र सगळ्यांना सांगत आले, आईनं हट्टापायी जीव घालवला.

एक तेवढं कुणाला सांगितलं नाही. त्या सोमवारी तू माळ खाली ठेवून मला विचारलंस, "पिशवीला सूजच हाय ना? मग नऊ दिसानं काय बिघडतंय?" आणि मी गप्प बसले. गर्भाच्या पिशवीला नुसती सूज आहे, हे तुला मीच सांगितलं होतं. तू घाबरशील म्हणून डॉक्टरांनाही तेच बोलायला लावलं होतं. कॅन्सर म्हटलं असतं तर कदाचित तू चटईवरून उठली असतीस. घसा बसेपर्यंत भांडले, पण तो एक शब्द काही काढला नाही.

आज लिहिला. पण खरं सांगते, तू आता दारातून आत आली असतीस, तर हा कागद मी आधी लपवला असता.