परसातली वीस तारीख

मी, माया सोनबा ओव्हाळ, वय एकाहत्तर, राहणार पासली, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, भोरच्या एका वाचनालयातली निवृत्त शिपाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. दुपारी डोळा लागला की परसात फणसाखाली एपिक्युरस बसलेले दिसतात. पण ते काही मागत नाहीत, तेव्हा मला वेडी समजू नये.

हे गृहस्थ ग्रीसचे, तेवीसशे वर्षांपूर्वीचे. पुस्तकं पुसता पुसता एका फाटक्या पुस्तकात भेटले. अथेन्स शहराबाहेर त्यांची बाग होती. तिथे बायका आणि गुलामसुद्धा मित्र म्हणून बसत. अंगाला दुखणं नाही, मनाला घोर नाही आणि जेवायला सोबत आहे, की झालं सुख, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मुतखड्याने बेजार झाले, तरी मित्रांशी झालेल्या गप्पा आठवून आनंदात होते. मरताना बाग मित्रांना मोकळी ठेवली, दर महिन्याच्या विसाव्या दिवशी जमायला सांगितलं. मीही वीस तारखेला परसात माणसं जमवत आले, हे मृत्युपत्रही त्यांचीच नक्कल.

१. घर आणि परस भाचा सम्राट याला. अट एकच: वीस तारखेला परसाचं फाटक उघडं राहील आणि येईल त्याला भाकरी मिळेल. सम्राट, पर्यटकांसाठी तंबू ठोकायचा तुझा बेत मला ठाऊक आहे. बाकीचे दिवस ठोक.

२. ते फाटकं पुस्तक मी न विचारता घरी आणलं होतं. ते वाचनालयाला परत करावं. दंड मागितल्यास मी वारले म्हणून सांगावं.

३. फणस आणि त्याखालचा दगड समोरच्या फुलाबाईला. तिचा नवरा गेनू वीस तारखेला त्याच दगडावर बसायचा. म्हैस व्याली असली की ती खरवस आणायची. गेनू गेला तेव्हा ती रडत होती आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, "रडू नकोस. मेल्यावर माणसाला काही कळत नाही, असं एपिक्युरस सांगतात." ती म्हणाली, "कळत न्हाई? मग म्या दिसभर बोलते ती कुनाशी?" उठून गेली. चार वर्षं ती परसात आली नाही. मला तिची फार आठवण येते. दारं समोरासमोर आहेत. सकाळी धुकं असलं की बरं वाटतं, तोंड चुकवावं लागत नाही.

४. कलम तीन खोडलं आहे. आज एक साक्षीदार कमी पडला, म्हणून वकील इंद्रजित यांनी समोरच्या दारी हाक मारली. फुलाबाई आली. वकिलांनी तिला कलम वाचून दाखवलं आणि सांगितलं, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये.

"मला दगूड नगं," ती म्हणाली. "म्या साक्षीला बसते. पर एक लिव, त्याबिगर अंगठा न्हाई."

काय लिहायचं ते सांगून ती घरी गेली आणि खरवसाची वाटी घेऊन आली. वकील म्हणतात, सगळं पुन्हा स्वच्छ लिहा. नाही लिहिणार. फणस आणि दगड घराबरोबर सम्राटला.

५. गेनूला सगळं ऐकू येतं. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. एपिक्युरस यांनी दगडावर जरा सरकून बसावं.

ठिकाण: पासली. दिनांक: २० नोव्हेंबर २०२५.

सही: माया सोनबा ओव्हाळ

साक्षीदार १: कुमार, पोस्टमन (सही)

साक्षीदार २: फुलाबाई गेनू पासलकर (डावा अंगठा, शेजारचा डाग खरवसाचा)