सुवर्णाचा कोपरा

४ फेब्रुवारी
झाडू वर नेला तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. लग्नाला आठवडा झाला, हात लावला तो आज. म्हणाले, "तिले मारू नको. घरनी शे ती."

वर कोपऱ्यात तळहाताएवढा कोळी होता. घरची म्हणे. मी झाडू खाली ठेवला.

सुरतेतल्या गोडादऱ्यातली ही खोली मला आवडली. नळ आत आहे, खिडकी मोठी आहे, ओट्याला पांढऱ्या फरशा. शेजारच्या शोभाबाईंनी साड्यांना खडे चिकटवायचं काम मिळवून दिलं. हे उधन्याला कापडाच्या कारखान्यात, लूमवर. सकाळी सातला जातात, संध्याकाळी साडेसातला येतात.

९ फेब्रुवारी
जेवायला बसतात ते कोपऱ्याकडे तोंड करून. किती वेळा धागा तुटला, शेठ काय बोलला, सगळं तिकडे सांगतात. मला म्हणतात, भाजी वाढ.

शोभाबाईंना विचारलं. ह्यांची पहिली बायको सुवर्णा सातव्या महिन्यात ह्याच खोलीत गेली, पोटातल्यासकट. दहाव्या दिवशी त्या जागी पीठ पसरून टोपली झाकली, कुठल्या जन्माला गेली ते बघायला. आमच्या गावीही करतात. सकाळी पिठावर बारीक खुणा होत्या, आठ पायांच्या. तेव्हापासून तुझा वाल्मिक कोपऱ्यातलीला सांभाळतो, म्हणाल्या. मग हसल्या. "तुले सवत भेटनी, तीबी आठ पायसनी."

मीही हसले.

१७ फेब्रुवारी
मोरपंखी साडी नेसले. गजरा माळला. ह्यांनी पाहिलं नाही.

तिच्या पोटाखाली पांढरी चकती आहे, बंद्या रुपयाएवढी. अंडी. शोभाबाई म्हणाल्या, ती पोटाशी धरून बसते, खातपीत नाही.

ह्यांना आधीच ठाऊक होतं. चेहऱ्यावर दिसतं. माझ्या वेळी असं हसतील का—

२६ फेब्रुवारी
कारखान्यातून झुरळं आणतात. कागदात, जिवंत. ती तोंड लावत नाही, तरी आणतात. माझ्यासाठी अजून काही आणलं नाही.

खडे चिकटवताना मी मान वर करत नाही. तिला आठ डोळे. मला दोन, तेही ह्यांच्या वाटेकडे.

३ मार्च
मारली. दुपारी, दार लावून. तीन फटके. पहिल्यातच चकती फाटली.

पिल्लं. मोहरीएवढी. शंभर, दोनशे— भिंतीवर, साड्यांवर, हातांवर. झटकते, परत चढतात.

हे आले. तिला रुमालात घेतलं. मग गुडघ्यांवर बसून पिल्लं शोधली. जमिनीवर एकही नव्हतं. भिंतीवर नव्हतं.

मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

वेणीत काहीतरी—

४ मार्च, सकाळ
हे कामावर गेले नाहीत. माझ्यासाठी चहा केला, उशाशी बसून बशीने पाजला. म्हणाले, हलू नको, लेकरं निजलीत. शोभाबाई आल्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. वेणी सोडू देत नाहीत.

माझ्याशीच बोलत बसलेत. नजर हलत नाही माझ्यावरून. सुवर्णा, म्हणाले.

मी ओ दिली.

कानात चालतंय. मी हलत नाही. लिहिताना नुसती बोटं—