कालवडीचं रक्त

४ जानेवारी

ठक-ठक, ठक. ठक-ठक, ठक. चौथीचे मास्तर! डस्टरच्या पाठीने टेबलावर ताल धरायचे आणि अख्खा वर्ग त्या तालावर कविता म्हणायचा. खडूची धूळ उडायची, मास्तरांना खोकला यायचा, तरी हात चालूच. कुणी भलत्या जागी थांबलं की मात्र डस्टर हवेतच राहायचं. आमचे श्वासही.

तो आवाज आज इतक्या वर्षांनी लेकीच्या प्रयोगशाळेत ऐकला. एक बुटकं यंत्र, त्यात रक्ताच्या नळ्या उभ्या, आणि ते आपलं डुलतंय — ठक-ठक, ठक. मी मनातल्या मनात सुरू केलं. दुसरं कडवं रंगात आलं, तेवढ्यात सुई घेतलेली मुलगी म्हणाली, "आजोबा, मूठ आवळा." गेलं कडवं!

लेक गुरांच्या संशोधन केंद्रात आहे. तिथल्या गोठ्यातली काही वासरं जन्मतःच हृदयाने कमजोर निघतात. का, ते ती त्यांच्या जनुकांत शोधते. माणसालाही तोच आजार होतो, आणि जनुकही तेच, असं म्हणते. गेल्या महिन्यात हृदय पडद्यावर दाखवणारं नवं यंत्र आलं. वासरांआधी कुणावर तरी चालवून बघायचं म्हणून लेक स्वतःच आडवी झाली. हसत आडवी झाली. पडद्यावर तिच्याच हृदयाची भिंत जाड दिसली!

माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलं — औषधं आहेत, घाबरायचं नाही, धावपळ बेताची. पण हे घराण्यातून येतं. आईकडून की वडलांकडून ते कळलं, तर त्या बाजूच्या सगळ्यांना वेळेवर तपासता येईल. ही जाऊन नऊ वर्षं झाली. उरलो मी. म्हणून माझी मूठ.

सुईवालीने दोन-चार प्रश्न विचारले. "गेल्या सहा महिन्यांत रक्त चढवलंय का?" नाही म्हटलं. गेल्या सहा महिन्यांत मी जिनादेखील क्वचितच चढलोय.

९ जानेवारी

जन्मभर पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे लेकीचं काम मला माझंच वाटतं. जनुकांत चार अक्षरं फक्त. तीच पुन्हा पुन्हा. तिच्यात एका ठिकाणी एक अक्षर बदललंय. "दोन प्रती असतात बाबा, एक आईची, एक वडलांची. एकीत चूक असली तरी पुरते."

"एकूण अक्षरं किती?"

"तीन अब्ज."

"मग एका चुकीला कसले रागावता? आमच्या सहावीच्या पुस्तकात यापेक्षा जास्त होत्या!"

हसली. बरं वाटलं.

दादाचा रविवारचा फोन येऊन गेला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, गुडघ्यांनी घरात बसवलेला. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, आपल्या बाजूने निघालं तर तुझ्या दोन्ही मुलांनाही तपासावं लागेल. म्हणाला, "आपल्या घराण्यात कुणाला हृदय आहे हे ऐकूनच बरं वाटलं." तसाच आहे अजून.

१७ जानेवारी

निकाल आला का विचारलं. "अजून नाही." पण माझ्याकडे न बघता म्हणाली. लहानपणी प्रगतिपुस्तक दडवायची तेव्हाही पाठमोरीच बोलायची.

१८ जानेवारी

भाजीत मीठ नव्हतं. दोघांनीही तशीच संपवली.

२१ जानेवारी

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलो. ती आधीच तिथे, टाकीच्या पलीकडे, फोनवर. "काका, मला बाकी काही नको. हो की नाही, एवढंच सांगा." मग नुसतीच उभी राहिली. "काका? ... काका?" पलीकडून फोन ठेवला असावा.

मी कपडे न काढताच खाली आलो. तिला वाटलं मी विसरलो. विसरभोळा म्हातारा असण्याचे फायदे असतात.

२२ जानेवारी

शेवटी मीच विचारलं. चहा समोर ठेवून विचारलं, म्हणजे उठून जाणार नाही.

आधी रडली. मग एकदम कोरड्या आवाजात, सभेत बोलावं तसं बोलली. निकाल केव्हाच आलाय. ते अक्षर माझ्यात बदललेलं नाही. इथवर ठीक. पण बाकीची अक्षरंही जुळत नाहीत. बाप-लेकीची निम्मी जुळायला हवीत. आमची पाव जुळतात.

"पाव म्हणजे?"

"पाव म्हणजे काका-पुतणीची जुळतात तेवढी."

मला कळायला वेळ लागला.

"नळ्या बदलल्या असतील."

"मी स्वतः दोनदा केलं, बाबा. दुसऱ्यांदा त्याच नळीतलं उरलेलं घेऊन, दार लावून."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कप विसळले. तिचाही विसळला. तिने चहा घेतलाच नव्हता.

२३ जानेवारी

आज दिवसभर मी वाट पाहिली — रागाची. आला नाही. चष्मा हरवल्यावर आपण एकेका खोलीत जाऊन बघतो, तसा मनात हिंडून आलो. कुठेच नव्हता.

ही आठवली. दारात उभी राहून केस पुसणारी. मी मुद्रितं घरी आणायचो, ती मोठ्याने मूळ वाचायची आणि मी छापलेलं तपासायचो. कवितेचं पान आलं की वाचायची नाही, म्हणायचीच! स्वल्पविरामाला किंचित थांबायची. पूर्णविरामाला माझ्याकडे बघायची.

लेकीच्या जन्माच्या आदल्या वर्षी दादा आमच्याकडे राहायला होता. नवी नोकरी, खोली मिळत नव्हती. शाळा उघडायच्या आधीचे महिने मी रात्रपाळीला असायचो. हे मला कुणी आज सांगितलेलं नाही. मला माहीतच होतं. फक्त ही वाक्यं कधी एकाखाली एक लिहिली नव्हती.

२५ जानेवारी

लेक म्हणते, "तुम्ही काहीतरी बोला तरी."

म्हटलं, "पावसाळ्यात तुला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचो, ते काही परत करायला लागणार नाही ना?"

"बाबा, विनोद नको."

विनोद नव्हता तो.

दादाचा या रविवारी फोन नाही.

३० जानेवारी

आजचं नीट लिहितो.

जेवताना ती कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली. गोठ्यातलं. एक कालवड आहे, दहा पावलं चालली की धापा टाकते. पडद्यावर हृदय बघितलं तर भिंत जाड. आजार सरळ दिसतोय. पण रक्तात ते अक्षर शुद्ध! आणि कहर म्हणजे रक्त म्हणतंय हा नर आहे. "समोर कालवड उभी, आणि कागदावर गोऱ्हा! सगळे माझ्यावर घसरले. म्हणाले, मॅडम, हल्ली तुमचं लक्ष कुठे असतं? वासरं तरी नीट बघून घ्या."

"मग?"

"मग गोठ्यात विचारलं. जुळं होतं. जोडीचा गोऱ्हा मेलेलाच जन्मला, म्हणून कुणी नोंदच केली नाही. गाईच्या पोटात जुळ्यांच्या नाळा जोडल्या जातात, बाबा. याचं रक्त तिच्यात जातं आणि मुरतं. भाऊ गेला, पण हिच्या अंगात जन्मभर त्याचंच रक्त तयार होत राहणार. रक्त तपासलं की भाऊ दिसतो. खरी ती कळायची तर शेपटीचा केस घ्यायचा, मुळासकट."

मी वरणात भात कालवत होतो. सहज म्हटलं, "माझ्यासारखीच की मग. माझ्यातही दादाच मुरलाय."

"म्हणजे?"

"मज्जा. हाडातली. त्याने दिली होती ना मला."

तिचा घास हातातच राहिला. "कधी?"

"तू सहा वर्षांची असशील. रक्ताचं दुखणं होतं, जगायची आशा नव्हती. तुला मावशीकडे ठेवलं होतं. तुझी आई म्हणाली, पोरीच्या कानावर काही घालायचं नाही."

"तुम्ही छापखान्याचं यंत्र आणायला गेला होता!"

"तसं सांगितलं होतं तुला."

"मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं! माझे बाबा मोठं यंत्र आणायला गेलेत म्हणून! आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू लहान होतीस."

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, बाबा!"

मग डोकं धरून बसली. हसत होती की रडत होती कळेना. "रक्त मज्जेतच तयार होतं हो! तुमच्या दंडातून निघालं ते काकांचं रक्त. मी काकांचं रक्त तपासलं! ते माझे काकाच निघणार, दुसरं काय निघणार!"

"पण त्या मुलीने तर सहा महिन्यांतलं विचारलं. मी खरं तेच सांगितलं."

"तुम्हाला हा प्रश्न विचारला, ही तिची चूक. तुम्हाला तुमचा जन्म झालाय का हेही वेगळं विचारायला हवं होतं!"

वरण गार झालं. तरी तिने दोनदा वाढून घेतलं.

१ फेब्रुवारी

केस उपटायचा कार्यक्रम. डोक्यावर शोधाशोध करून म्हणाली, "इथे काही उरलेलं दिसत नाही." शेवटी भुवईचे घेतले, चिमट्याने, मुळासकट. डोळ्यांत पाणी आलं. "कालवड गप्प उभी राहिली होती," म्हणते.

तिने दोनदा विचारलं, भीती वाटते का. म्हटलं, नाही. खोटं. आता वाटायला लागली. जोवर निकाल पक्का होता तोवर मी कसा निवांत होतो! आता आशा आलीय, तर झोप गेलीय. या केसांतूनही मी काकाच निघालो, तर?

६ फेब्रुवारी

पाठ असलेल्या सगळ्या कविता म्हणून संपल्या. एकीचं शेवटचं कडवं काही केल्या आठवेना. हिला आठवलं असतं.

११ फेब्रुवारी

लेक भर दुपारी घरी आली. चपलाही न काढता आत. "अभिनंदन बाबा! आजार तुमचाच आहे!"

निम्मी जुळली. बरोबर निम्मी. आणि ते बदललेलं अक्षर — तेही माझ्यात आहे. माझ्याकडूनच गेलंय तिच्यात. आता माझंही हृदय पडद्यावर बघायचंय, औषधं चालू करायचीत. तिने सगळं भराभरा सांगितलं आणि मी नुसता मान डोलवत राहिलो. शहात्तराव्या वर्षी हृदय बिघडलंय म्हणून कुणी इतकं खूश झालं नसेल! पोरीला मी दुसरं काय दिलं? घर भाड्याचं, नाक तिच्या आईचं. पण ही चूक माझी. माझ्या हातची.

दादाचं रक्त शुद्ध आहे हेही आपोआप कळलं. त्याच्या मुलांची काळजी मिटली. कागदावर गोऱ्हा नेहमीच काही वाईट नसतो.

हिच्या फोटोपुढे उभा राहिलो. काच पुसली.

लेक काकांची माफी मागायला तीनदा फोन करून बसली. "काय काय विचारलं मी त्यांना! काय वाटलं असेल!" फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. म्हटलं, झोपला असेल. उद्या कर.

१२ फेब्रुवारी

सकाळी दार वाजलं. उघडलं तर दादा! एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी. एवढा प्रवास, एवढे जिने, एकटा. धाप लागलेली. आत ये म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पोरीने विचारलं तेव्हा मी फोन ठेवला. त्यानंतर झोप नाही बघ. ती माझी आहे, हे आम्हां दोघांना पहिल्यापासून माहीत होतं. तुला सांगायची हिंमत कधी झाली नाही."

कालचा निकाल त्याला ठाऊक नव्हता. एवढी वर्षं तो तिला आपलीच धरून चालला होता. आणि ती हिलाही त्याचीच वाटत होती.

"बाबा, कोण आलंय?" लेकीने आतून विचारलं.

त्या हाकेला आम्ही दोघांनीही मान वळवली.