मागच्या ढिगाकडे जाणारी वाट

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मी, बशीर दस्तगीर नदाफ, वय वर्षे ४९, धंदा बागकाम, मूळ गाव आष्टा, हल्ली राहणार माधवनगर, तालुका मिरज, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. पुढच्या आठवड्यात मिरजेला ती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. पण मोठी फांदी उतरवण्याआधी आपण झाडाखालची माणसं बाजूला करतो, तेवढंच हे आहे. मजकूर माझा आहे. कलमांचे आकडे उत्कर्षा वकीलबाईंनी घातले.

कलम १. माझ्या मातीविषयी. कफन साधं असावं. फुलांच्या चादरी आल्या तर त्यांची प्लॅस्टिकची पिशवी आणि दोरा काढून फुलं आपल्या खताच्या ढिगावर न्यावीत. दर्ग्यातली फुलं आपण आजवर तशीच नेत आलो. कबरीत माती लोटण्याआधी वरून लावायला नव्या फळ्या विकत आणू नयेत. लोणंदच्या एका कंपनीने बागेतली पायवाट बदलली, तेव्हा जुन्या शहाबादी फरश्या ट्रॅक्टरने ओढ्यात टाकायला निघाले होते. त्या मी मागून आणल्या. काही बंगल्यांच्या बागांत बसवल्या, चांगल्या तेवढ्या ओढ्याकाठच्या माझ्या आवाराच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. त्याच वापराव्यात. इतकी वर्षं कामगार जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यावरून सावलीला गेले. मलाही त्या सावलीतच नेतील.

कलम २. राहतं घर, बँकेतली शिल्लक, टेम्पो आणि इतर मिळकत यांत माझी आई अख्तरबी, पत्नी आसिया, मुलगा अश्फाक आणि मुलगी रुमाना यांचे हिस्से आमच्या धर्माने ठरवून दिले आहेत. ते कमीजास्त करणारा मी कोण? उलट बरं वाटतं, की एवढ्या मोठ्या गोष्टीचं ओझं माझ्यावर ठेवलेलं नाही. आईची खोली मात्र बदलू नये. खिडकीतून जास्वंद दिसली नाही तर ती नमाजानंतर उगाच बसून राहते आणि सगळ्यांच्या चुका काढते.

कलम ३. हत्यारं. छाटणीच्या दोन्ही कात्र्या, करवत, लॉन कापायचं मशीन आणि फांद्यांचा भुगा करायचं मशीन अश्फाककडे आधीपासूनच आहेत असं समजावं. मोठ्या कात्रीची मूठ माझ्या वडिलांनी सूतगिरणीतल्या मोडक्या लाकडी बॉबिनची केली आहे. गिरणी बंद पडली तेव्हा वडील साहेबांच्या बंगल्यांत झाडांना पाणी घालायला लागले. त्या कामात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, म्हणून मलाही वाटला नाही. मूठ बदलू नये.

कलम ४. मेहुणे शाहनवाज यांच्याविषयी. रुमानाच्या लग्नात त्यांनी पंगतीत माझी ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे भावजी. लोक कचरा टाकतात, हे घरी आणतात." लोक हसले. मीही हसलो, पण बिर्याणी गेली नाही. त्यांच्या गच्चीवरच्या गुलाबांचं सगळी सांगली कौतुक करते. त्या कुंड्यांत दरवर्षी आसिया गुपचूप आपल्या ढिगाचं खत घालून येते, हे आता त्यांना कळायला हरकत नाही. माझ्यामागेही त्यांना पावसाळ्याआधी एक पोतं द्यावं. पैसे घेऊ नयेत. त्यांच्या लग्नाच्या कार्यालयात प्लॅस्टिकचं गवत अंथरलं आहे. माझ्या तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला आलेल्या माणसांना त्यावर बसवू नये, एवढीच अट.

कलम ५. आता ज्यासाठी हा कागद करतो आहे ते.

ओढ्याकाठचं पाच गुंठ्यांचं आवार माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मी ते घेतलं तेव्हा तिथे पाडलेल्या घरांचा राडारोडा होता आणि कोणी फुकटही घेत नव्हतं. त्यातल्या अर्ध्या विटा मी वाफ्यांच्या कडांना लावल्या, फुटकी कौलं कुंड्यांच्या बुडाशी घातली. मग बंगल्यांतून छाटलेल्या फांद्या, कापलेलं गवत, पालापाचोळा आणून ढीग लावला. तो काही केल्या कुजेना. वरून वाळायचा, आतून घाण मारायचा. शेजारी तक्रार करायला लागले. एका सोसायटीच्या चेअरमननी तर सांगितलं, "पाला जागेवरच पेटवून दे, आम्हाला बाग पाहिजे, तुझं खत नको." मी पेटवणार नाही म्हणालो आणि ते काम गेलं. त्यांच्यावर आता राग नाही. तेव्हा होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आटपाडीकडचे तात्याबा त्यांची मेंढरं घेऊन ओढ्याच्या वरच्या रानात बसवायला आले होते. त्यांची मुलगी मंगल पाणी न्यायला आली, ढिगाजवळ थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "आवं, ह्यो ढीग उपाशी हाय. नुसता पाला घालून काय हुतंय? दुधाला इरजाण लागतं का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी तिने बापाच्या वाड्यातलं, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या जागेतलं, पाटीभर जुनं लेंडीखत आणून ढिगात कालवलं. वरून शेणपाणी घातलं. थोड्याच दिवसांत ढिगात हात घातला तर चटका बसला. मी तिथेच अल्लाचे आभार मानले. मंगल म्हणाली, "त्याचं मागनं माना. आदी पानी मारा, न्हाईतर जळंल."

तेव्हापासून प्रत्येक नव्या ढिगात जुन्या ढिगातली एक पाटी जाते. म्हणजे सांगलीतल्या ज्या ज्या बागेत माझं खत गेलं, त्या प्रत्येक बागेत तात्याबांच्या मेंढरांचं काहीतरी गेलं. मंगल पुढे लग्न होऊन नवऱ्यासह, अर्जुनासह, इथेच राहिली आणि आजतागायत आवार तीच सांभाळते. निर्माल्यातल्या टाचण्या आणि जरीचे धागे तिच्याइतक्या चिकाटीने कोणी वेचत नाही. नर्सरीच्या काळ्या पिशव्या धुऊन ती तारेवर वाळत घालते तेव्हा लांबून वाटतं, कावळ्यांचं लग्न आहे.

आमच्या कायद्याप्रमाणे वारसांखेरीज कोणाला द्यायचं तर मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येतं. वकीलबाईंनी सगळी किंमत धरून पाहिली. आवाराचा मागचा अर्धा भाग, जिथे ढीग, पाण्याचा हौद आणि लिंबाचं झाड आहे, तेवढा त्यात बसतो. तो मी मंगल अर्जुना कोळेकर हिला कायमचा देतो. कोणी याला दान म्हणू नये. मूळ पाटी तिची आहे.

कलम ६. पुढचा अर्धा भाग वारसांचा. अडचण इथे आहे. रस्ता पुढे आहे. पुढचा भाग बंद झाला तर मागे पाटी डोक्यावर घेऊनसुद्धा जाता येणार नाही, आणि ढीग पाल्यावाचून पुन्हा उपाशी राहील. शाहनवाज यांना पुढची जागा कार्यालयाच्या पार्किंगसाठी भाड्याने पाहिजे आहे. अश्फाकने त्यांना जवळपास होकार दिला आहे. त्यात त्याची चूक नाही. बापाच्या अंगाला येणाऱ्या वासावरून तो शाळेत चिडवला गेला आहे.

वाट मी माझ्या अधिकारात देऊ शकत नाही, कारण ती धरली की तिसरा हिस्सा ओलांडतो. म्हणून मागतो. डाव्या कुंपणाला धरून रस्त्यापासून ढिगापर्यंत दहा फूट रुंदीची वाट माझ्या वारसांनी मोकळी सोडावी. आज ते हो म्हणाले तरी कायद्याने माझ्यामागे ते पुन्हा म्हणावं लागेल, असं वकीलबाई सांगतात. तेव्हा हे कलम कायद्याचं नाही, माझ्या माणसांच्या भरवशाचं आहे.

कलम ७. मंगलला हे काल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हात झटकले. "मला नगं जागा. बशीरभाऊ, तुमी बरं हून या आदी. आन न्हाईच जमलं तर एक पाटी द्या. आमच्या आटपाडीच्या रानात लावीन ढीग. पोराला बापाची जागा लागल. त्याला कशाला अडकिवता?" अश्फाक तिथेच टेम्पोतून फांद्या उतरवत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. मंगल नको म्हणाली तरी कलम ५ कायम आहे.

कलम ८. ज्यांनी पाला दिला, ज्यांनी फाटकातून आत घेतलं, उन्हात पाण्याचा तांब्या पुढे केला, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. आसियाचा जास्त. ती रोज संध्याकाळी माझे कपडे वेगळे भिजवते आणि वेगळे भिजवते असं कधी जाणवू देत नाही. परवरदिगाराने मला असं काम दिलं ज्यात काहीच वाया जात नाही. आता माझीही पाळी त्याच हिशेबात आहे, म्हणून भीती कमी वाटते.

दुरुस्ती. वरील मजकूर आज आवारात लिंबाखाली सगळ्यांसमोर वाचला. कलम ६ झालं तसा अश्फाक उठून गेला. मला वाटलं, गेला. मग टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. डाव्या कुंपणाला धरून तो गाडी आत आणत होता. दोनदा मागेपुढे केली, फाटकाला घासली. उतरून कपाळ पुसत म्हणाला, "अब्बा, दहा फुटांत गाडी आत येते, पण ढिगापाशी वळत नाही. बारा लिहा."

मंगल म्हणाली, "आन फाटकाचा रंग गेला, त्यो कुनाच्या हिश्श्यात?"

"माझ्या," अश्फाक म्हणाला.

म्हणून कलम ६ मधला 'दहा' हा शब्द रद्द समजावा. त्या जागी 'बारा' वाचावा. या दुरुस्तीखाली मी, आई, आसिया, रुमाना आणि अश्फाक यांनी सह्या केल्या आहेत. आईचा अंगठा आहे.

लिहून ठेवणार: बशीर दस्तगीर नदाफ (सही)

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली, म्हणून साक्षीदार:
१. बाळासो रामू माळी, रा. माधवनगर (सही)
२. ॲड. उत्कर्षा विलास शिंत्रे, रा. सांगली (सही)

ठिकाण: ओढ्याकाठचं आवार, माधवनगर
तारीख: १२ फेब्रुवारी २०२५