भोंग्याच्या किमतीवरचे दोनशे रुपये

अण्णा, तुमचा भोंगा मी विकला. आवाज वाढवणारं मशीनही त्याच्यासोबत गेलं, आणि तो जाड जाळीचा माइक, जो तुम्ही काम संपलं की फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायचात, तोही गेला. विकल्याचा तुम्हाला राग आला नसता. वस्तू माळ्यावर नुसती पडून राहिली की तुम्हीच चिडायचात. आवाजाची वस्तू मुकी ठेवू नये म्हणायचात. मी लिहायला बसले आहे ते विकताना झालेल्या एका भांडणामुळे. खरं तर त्याला भांडण तरी कसं म्हणू? भांडणात समोरचा माणूस बोलतो. इथे मी एकटीच बोलले आणि जिंकले.

घाटकोपरच्या डोंगरावरची आपली खोली सुटून बरीच वर्षं झाली. आता मी नाहूरला राहते. तुम्ही गेलात तेव्हा रांगणारा तुमचा नातू आज माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. नव्या घराला माळा नाही, म्हणून भोंगा गॅलरीत प्लास्टिकखाली होता. मुलानेच फोटो काढून फोनवर विकायला टाकला. पहिला फोन अंधेरीहून आला. हॉटेलं सजवणारा माणूस होता. म्हणाला, "मॅडम, आत बल्ब लावून छताला टांगू, झकास दिसेल. कॅश देतो, आजच्या आज." मी फोन ठेवला. मरोळच्या कारखान्यात आठवडाभर विजेच्या मोटारींना तार गुंडाळून रविवारी तुम्ही ज्याच्यामागे उन्हात उभे राहायचात, त्याच्या पोटात बल्ब! दुसरा फोन मुलुंडहून आला, एका बाईचा. तिशीतली असेल. त्यांच्या वस्तीतल्या विहारात ती संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते आणि जयंतीच्या स्पर्धेसाठी त्यांना भाषणं शिकवते. "नवीन स्पीकर भाड्याने आणतो ताई, पण त्याचा आवाज नुसता धडधडतो. शब्द कळत नाहीत. तुमचा चालू आहे ना?" मला तिथेच ती आवडली. किंमत ठरली नऊ हजार. तिने घासाघीस केली नाही.

मग पैशांची वेळ आली. अण्णा, तुम्ही प्रत्येक यंत्राला विचारायचात, याच्या आत काय आहे, म्हणून सांगते. आता पैसे फोनमधून जातात. खात्यातून खात्यात पाठवले तर वर काही लागत नाही. पण तिच्या खात्यात तेवढे नव्हते. तिला कार्डावर द्यायचे होते, म्हणजे आज उधार घेऊन नंतर फेडायचे. त्यासाठी मुलाने एका कंपनीमार्फत मला लिंक बनवून दिली, आणि त्या लिंकवरून पैसे आले की कंपनी आपला वाटा कापून उरलेले मला देणार होती. दोनशेच्या वर थोडे जात होते. मी तिला कळवलं की वरचे पैसे तुम्ही भरा. तिचा निरोप आला, "ताई, ते विकणाऱ्याकडे असतं ना? दुकानात आपण कुठे देतो?"

"अगं आई, सोड ना," मुलगा म्हणाला. "दोनशे रुपये. तू एका सभेला रिक्षाने जातेस तेवढे."

"प्रश्न दोनशेचा नाही."

"वाट लागली," तो म्हणाला. "प्रश्न दोनशेचा नाही म्हणालीस की आता तत्त्वाचा होणार."

झालाच. तुमची मुलगी तीस वर्षं सभांतून बोलते आहे, युनियनच्या गेटवर, पाण्याच्या मोर्च्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा. मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी फोन तोंडाशी धरला आणि बोलायला लागले. दुकानदाराची गोष्ट वेगळी आहे, मी म्हटलं, तो हा खर्च आधीच किमतीत धरतो आणि शंभर गिऱ्हाइकांवर पसरतो. मी दुकानदार नाही. घरातली वस्तू एकदाच विकते आहे. ठरलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याच्या हातात पडणारी किंमत. वाटेत जी सोय तुम्ही निवडली, कार्ड तुमचं, मुदत तुमची, तिचं मोल तुम्हीच द्यायला हवं. नाहीतर तुमच्या सोयीचं बिल मी भरते आहे, आणि ते मला न विचारता. आणि मग अण्णा, मी तुम्हाला आणलं. म्हटलं, माझे वडील कारखान्यात कामाला होते. दर महिन्याला गावी आजीला मनीऑर्डर करायचे. कमिशन नेहमी स्वतः वरून भरायचे, आजीच्या रकमेतून कधी एक पैसा कापू दिला नाही. पाठवणाऱ्याने भरायचं, हा साध्या माणसांचा कायदा आहे. सहा मिनिटं बोलले. परत ऐकलं तर माझं मलाच बरं वाटलं. ओघ होता, धार होती. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "पटलं ताई. वरच्या पैशांसकट नवीन लिंक पाठवा." मी मुलाला वाचून दाखवलं. "जिंकलीस," तो म्हणाला आणि डबा भरायला गेला.

रविवारी टेम्पोत सामान घालून मी स्वतः मुलुंडला गेले. भोंगा कसा बांधायचा, मशीन आधी तापू द्यायचं, माइक तोंडापासून किती लांब धरायचा, हे तिला दाखवायचं होतं. विहार म्हणजे पत्र्याची एक स्वच्छ खोली, समोर फरशीचं लहानसं अंगण, आणि अंगणाला लागूनच घरांची दारं. चार-पाच वयस्क बायका आधीच येऊन बसल्या होत्या. मी आत शिरले तशी त्यांतली एक मला निरखून म्हणाली, "ह्याच का गं त्या फोनवाल्या ताई?"

"ह्याच," भोंगा घेणारी म्हणाली.

"काय बोलता हो तुम्ही! आम्ही दोनदा ऐकलं."

खोटं कशाला सांगू, मला छान वाटलं. क्षणभरच. माझा निरोप आला तेव्हा ही शिकवणारी फळ्यावर लिहीत होती, हात खडूने भरलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर लावला होता. समोर मुलं आणि मागे या बायका बसलेल्या. माझी सहा मिनिटं त्या सगळ्यांनी ऐकली होती.

"आम्ही हे वरचे पैसे वर्गणीतच धरणार होतो," दुसरी म्हणाली. "घरटी चार-पाच रुपये जास्त. पण तुम्ही म्हणालात ते सगळ्यांना पटलं ना. कार्ड हिचं, मुदत हिची. मग आम्हीच हिला म्हटलं, तुझं तू भर बाई."

मी हिच्याकडे बघितलं. ती मशीनच्या वायरी सोडवत होती, मान खाली, आणि हसत होती. हळूहळू उलगडलं ते असं. वर्गणी जयंतीपर्यंत थोडी थोडी जमणार होती. मुलांना सराव करायला भोंगा आधी हवा होता. म्हणून हिने स्वतःच्या कार्डावर उधारी उचलली. वर्गणी उशिरा आली तर व्याजही हिच्याच अंगावर. हिची सोय त्यात कुठेच नव्हती, सोय वस्तीची होती. आणि वस्ती तो खर्च वाटून घ्यायला तयारही होती, माझा आवाज तिथे पोचेपर्यंत. जन्मभर मी ओरडत आले की ओझं एकट्याच्या डोक्यावर ठेवू नका. आणि सहा मिनिटांत मी चांगल्या चार बायकांना त्याच्या उलट पटवून दिलं, इतकं व्यवस्थित की त्यांना त्यात काही वावगं दिसेना.

मी पर्स उघडली. "हे घे. माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं."

"नाही ताई."

"अगं घे."

"तुम्ही पटवून दिलंत ना? मला पटलंय." तिने वायर सरळ केली. "आता तुम्हीच उलटं बोलायला लागलात तर मी पोरांना काय शिकवू? मुद्दा मांडा आणि समोरच्याने ऐकला की मागे घ्या?"

"ठेवा हो ताई," ती पहिली बाई म्हणाली, "तत्त्व ते तत्त्व." टोमणा होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मी पर्स बंद केली.

मग तिने विचारलं, "ताई, तोंड कुठे करायचं?"

भोंग्याचं तोंड. अण्णा, तुम्ही संध्याकाळी बांधणी करायच्या आधी गल्लीतून एक फेरी मारायचात. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण आजारी आहे, कोणाची रात्रपाळी आहे हे बघून मग शिडीवर चढायचात. पोरं हसायची तुम्हाला. आठवतं ना? मी नववीत आहे, जयंतीची सभा आहे, आणि तुम्ही मशीनपाशी स्टुलावर बसला आहात. मी वर्गणीवर बोलते आहे. समाजाचं खाऊन समाजाला न देणारे, असं म्हणत मी थेट तिसऱ्या घरातल्या माणसाचं नाव घेते. टाळ्या पडतात. मी आणखी चढते. आणि माझा आवाज जातो. म्हणजे माझ्या घशात आहे, पण भोंग्यात नाही. मी वळून बघते तर तुमचा हात बटणावर. पुढचं भाषण फक्त पहिल्या दोन ओळींनी ऐकलं. घरी येऊन मी केवढा आकांत केला होता! स्वतःच्या बापाने लेकीचा आवाज दाबला म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "खरं व्हतं गं तुजं. पर त्याच्या दारातच भोंगा व्हता. त्याला कुटं जायला जागा ठिवलीस?" तो माणूस तेव्हा बायकोच्या औषधात बुडालेला होता, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

हा प्रसंग मी पुढे कितीतरी व्यासपीठांवरून सांगितला आहे. बाईचा आवाज घरातूनच कसा बंद केला जातो, याचं उदाहरण म्हणून. लोक माना डोलवतात.

मुलुंडहून परतताना मी दुसरंच भाषण तयार करत होते. की चूक माझीही नाही आणि तिचीही नाही. दोन माणसं एकमेकांना वस्तू देतात, पैसे देतात, आणि मधे एक कंपनी बसून दोघांच्या हातांमधल्या हवेचे पैसे घेते. ती आम्हाला दिसत नाही, तिला कोणी ताई-दादा म्हणत नाही, म्हणून आम्ही एकमेकींशी वाद घालतो. हे मी मानते, आणि वेळ आली की मोठ्याने म्हणणारही आहे. पण तुम्ही शेजारी बसला असतात तर पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला असतात, "बोललीस ब्येस. पर तवर त्ये दोनशे कुनी भरायचं?" वस्तू घेणाऱ्याने भरावेत, हे तत्त्व म्हणून मला अजूनही चुकीचं वाटत नाही. मी ते चुकीच्या दारात लावलं एवढंच दिसतं. पण दार कोणतं आहे हे आधी बघायला हवं असेल, तर मग ते तत्त्व कसलं? रात्रीपासून याच्यापुढे जाता येत नाही.

आणखी एक आहे. मनीऑर्डरची मी सांगितली ती गोष्ट खरी, पण ती अर्धी होती. एकदा भोंगा भाड्याने नेलेल्या एका नवरदेवाच्या बापाने गावी गेल्यावर भाडं मनीऑर्डरने पाठवलं, कमिशन कापून. आई संतापली. "पाठवताना तुम्हीच भरा, घेताना तुम्हीच सोसा. आपल्या घरात टांकसाळ आहे का?" तुम्ही म्हणालात, लग्नात बुडालाय तो, असू दे. आईने त्या महिन्यात मला चपला घेतल्या नाहीत. आईचंही काय चुकलं? तुमच्या चांगुलपणाचं कमिशन ती भरत होती. ही दुसरी गोष्ट मला फोनवर बोलताना आठवत होती, अण्णा. ऐन बोलताना. मी ती वगळली, कारण तिने मुद्दा लंगडा झाला असता.

या पत्राला पत्ता नाही. वाचून दाखवलं तर त्याचंही भाषण होईल, म्हणून मुलालाही ऐकवणार नाही. त्या विहारातून काल फोन आला होता. जयंतीला मुलांची भाषणं झाल्यावर मी दोन शब्द बोलावेत, तुमच्याच भोंग्यावर. एरवी मी बोलावणं येताच हो म्हणते. काल मी आधी विचारलं, मशीनपाशी कोण बसणार आहे. ती म्हणाली, "मीच बसेन ताई." मग मी हो म्हटलं.