परत अ पासून

शनिवार, १२ जुलै

फसले! सपशेल फसले.

गेले तीन शनिवार इथल्या, कोलकात्याच्या मंडळाच्या मराठी वर्गात मुळाक्षरं शिकवते आहे आणि घरी येऊन सलीलला सांगते आहे — काय हुशार पोरं आहेत, तासाभरात पंधरा-पंधरा अक्षरं! मंडळाच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. आज फळ्यावर 'ळ' काढत होते, तर मागून शौनक जांभई देत म्हणाला, "काकू, आता क्ष. मग ज्ञ. मग तुमची बदली."

वर्ग खदखदून हसला. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. ही पोरं चार-चार, पाच-पाच वर्षं इथे येतात. दर दीड-दोन वर्षांनी नवी काकू येते, कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा सैन्यात, कुणाचा माझ्या सलीलसारखा बदलीचा. ती फळ्यावर अ काढते. पोरं आधी येत नाही असं दाखवतात, मग भराभर आल्यासारखं दाखवतात. काकू खूश, पोरांना बिस्किटं. काकू जरा रुळली की बदली. शाल, नारळ, ग्रुप फोटो. नवी काकू — पहिले पाढे पंचावन्न!

आणि कळस म्हणजे देवनागरी त्यांना येतेच. शाळेत हिंदी आहे! पाच वर्षं आपण त्यांना येतं तेच शिकवतोय. मराठी मात्र शून्य. शी!

रविवार, १३ जुलै

अश्विनीला फोन केला. माझ्या आधीची काकू, आता भोपाळला. विचारलं, तू कुठपर्यंत आणलं होतंस त्यांना? म्हणाली, "अगं, बेसिक सगळं झालंय त्यांचं." म्हणजे काय काय? "म्हणजे... बेसिक." मग हसायला लागली. तिलाही तिच्या आधीच्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं.

बुधवार, १६ जुलै

श्यामकांतरावांकडे गेले होते. मंडळाचे सचिव. तीन पिढ्या कोलकात्यात, स्पेअर पार्टचा धंदा, बोलणं गोड. वर्गाचा अभ्यासक्रम आहे का म्हटल्यावर लगेच उठले, कपाटातून फाइल काढली. जाड कव्हर, सोनेरी अक्षरं. भाषा, संस्कार, सर्वांगीण विकास. वा!

सहाव्या पानावर 'एक दिवसाची सिंहगड सहल'. कोलकात्यातल्या बेहालाहून सिंहगड, एका दिवसात! दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाचा कागद उचलून वर आपलं नाव चिकटवलंय. वार्षिक अहवालात दरवर्षी त्याचा फोटो छापतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सहलीचं विचारलं तर म्हणाले, ते प्रतीकात्मक आहे.

परतताना मेट्रोत बसले आणि डोकं भणभणत राहिलं. एकाही काकूने हा कागद उघडला नसणार. मीही उघडला नव्हता म्हणा.

शनिवार, १९ जुलै

आज शिकवलं नाही. एकेकाला विचारलं, तुला मराठी कशाला हवं? बहुतेकांचं उत्तर 'मम्मी पाठवते'. प्रामाणिक आहेत.

रुचा शेवटी बोलली. बारा-तेरा वर्षांची, फोर्ट विल्यमहून येते. बाप मराठी, आई पंजाबी, घरात हिंदी. कराडच्या आजीला ऐकू येत नाही, म्हणून फोन नाही. आजी मोबाइलवर टाइप करून पाठवते. "अक्षर मला येते काकू, वाचते मी. समजत नाही. बाबा सांगते हिंदीत." आणि उत्तर? तेही बाबाच लिहितो. "मला आजीला माझं स्वतःचं लिहायचं आहे. बाबाला न दाखवता."

तिला आम्ही पाच वर्षं काय दिलं? अ अननसाचा.

मंगळवार, २२ जुलै

सलीलच्या बदल्यांपायी सहा गावं, सहा शाळा केल्या मी. नेहमी वर्षाच्या मध्यातच रुजू व्हायची. पाच शाळांत हातात खडू दिला आणि वर्ग दाखवला, बस. एकट्या नांदेडच्या शाळेत आधीच्या बाईंनी आखणी ठेवली होती. कुठल्या आठवड्यात काय, घरी काय करायचं, आलं की नाही ते कसं ओळखायचं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले ती तिथलीच असल्यासारखी. त्या बाईंना मी कधी पाहिलंही नाही. अजून दुवा देते.

तसंच करायला बसले आहे. चोवीस शनिवार. पहिल्यात अ नाही! पहिल्यात स्वतःबद्दल पाच वाक्यं, बोलायची. शेवटच्यात आपल्या माणसाला एक पानभर पत्र. मध्ये काय काय यायला हवं ते उलटं मोजत आले. तीन वेळा फाडलं. लिहायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो.

रविवार, २७ जुलै

काल पहिला शनिवार झाला. प्रत्येक पोराच्या हातात आखणीची झेरॉक्स दिली. शौनकने उलटसुलट करून बघितली. "हे आम्हाला? हे तर टीचरचं असते." म्हटलं, तुझंही आहे. आपण कुठे चाललोय ते तुला नको कळायला?

आज कमिटीची बैठक. कौतुक करतील असं वाटलं होतं, वेडीच मी! श्यामकांतराव कागद लांब धरून वाचत होते, बिल वाचतात तसा. "देवयानीताई, हा क्लास आहे, शाळा नाही. मुलं येतात, खातात, चार शब्द कानावर पडतात. आणि मुलांना कशाला वाटला? उद्या आईबाप विचारतील ना, आठवा शनिवार का नाही झाला!"

म्हटलं, विचारू देत की. त्यासाठीच दिलाय.

समोसे आले. मग अर्धा तास गणपतीच्या मांडवाचा रंग!

शनिवार, २३ ऑगस्ट

शौनक तापाने दोन शनिवार नव्हता. आज आला तो दोन्ही शनिवारांचं घरी करून. आजोबांना समोर बसवून बाजारहाटाचं सगळं संभाषण बोलला म्हणे. कुणी सांगितलं? "कागदात होतं."

आजचा एक दिवस बरा.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले, आज मुलांचं नाटुकलं. तालमी कमिटीने परस्पर घेतल्या. शेतकऱ्याच्या दुःखाचे संवाद पाठ करून घेतले, अर्थ सांगायची तसदी कुणी घेतली नाही. "माझा सर्जा गेला हो" हे वाक्य एका पोराने हसत हसत म्हटलं! सर्जा म्हणजे बैल हे त्याला ठाऊकच नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट. श्यामकांतराव माइकवर म्हणाले, आपली मुलं मराठी विसरलेली नाहीत. मी मोदक तसाच पानात टाकून उठले.

वर विसर्जनापर्यंतचे दोन्ही शनिवार कार्यक्रमांत जाणार. दुर्गापूजेत आणखी जातील.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रुचा वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन दाराशी उभी होती. मोबाइल माझ्यापुढे धरला. आजीचा मजकूर तिने स्वतः वाचला, स्वतः समजून घेतला. दोनच शब्द विचारले. आजीने लिहिलं होतं की तुझा बाप लहानपणी गणितात नापास व्हायचा आणि पेपर माळ्यावर लपवायचा, म्हणून तू मार्कांचं मनावर घेऊ नकोस.

"काकू, बाबा एवढे दिवस अर्धंच सांगत होता!"

काय हसली पोरगी! आणि 'होता' बरोबर म्हणाली. दहावा शनिवार. अजून चौदा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सलीलची बदली. गुवाहाटी. महिनाअखेर रुजू.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बारावा शनिवार झाला. निम्मा रस्ता. मग शाल, नारळ, ग्रुप फोटो. श्यामकांतराव भाषणात म्हणाले, देवयानीताईंनी मुलांचं बेसिक पक्कं केलं. बेसिक! शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली ती तिथेच राहिली. राहू दे.

नव्या काकू कोण? अजून कुणी मिळालेलं नाही. न्यू टाउनमधल्या एका नोकरीवालीला विचारलंय, तिला शनिवारी जमत नाही. म्हणजे कुणी मिळेपर्यंत वर्ग बंद. मिळेल तेव्हा ती येईल आणि फळ्यावर अ काढेल. आखणीच्या दोन प्रती श्यामकांतरावांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या माझ्यादेखत सिंहगडाच्या फाइलमध्ये सारल्या.

रुचाने विचारलं, "आता पत्र राहूनच जाणार का?" इतका राग मला कधीच आला नव्हता. कुणावर काढू?

शनिवार, ६ डिसेंबर. गुवाहाटी

संध्याकाळी श्यामकांतरावांचा फोन, चिडलेले. वर्ग बंद असल्याचं ग्रुपवर टाकलं होतं, तरी आज सगळी पोरं हॉलच्या दारात हजर. किल्ली मागायला लागली. दोन तास हॉल उघडून यांना तिथे बसावं लागलं. शिकवलं कुणी, मी विचारलं. "ती फोर्ट विल्यमची मुलगी. तुमचा कागद हातात घेऊन उभी! म्हणते, आज तेरावा आहे. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येणार म्हणतात, ताई. त्यांना जरा सांगा तुम्ही."

सांगते म्हटलं.

चौदाव्याला भूतकाळ आहे. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. तो रुचाला एकटीला शिकवायला जड जाईल. उद्या सकाळीच फोन करते.